पदोन्नतीला दुसऱ्यांदा दिलेली वेतनवाढ: कोल्हापुरातील एका अतिप्रदान वसुलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे अतिप्रदानाचे, म्हणजे चुकून जादा दिलेल्या पगाराच्या वसुलीचे, प्रकरण कोल्हापुरातल्या एका राज्य शासकीय कार्यालयातले आहे. कार्यालयाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, वसुलीच्या रकमाही जवळच्या हजारात घेतल्या आहेत. कर्मचारी महिलेला मी इथे नुसते ‘ताई’ म्हणतो, कारण प्रत्यक्षातही तसेच म्हणत होतो. मी लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि ओळखीतल्या लोकांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे लावून द्यायला मदत करतो. ताई माझ्याकडे आल्या त्या अशाच ओळखीतून.

ताई जुलै १९८८ मध्ये सेवायोजन कार्यालयाच्या यादीतून लिपिक म्हणून लागल्या. जन्मतारीख १ जून १९६६. त्या पिढीतल्या कित्येकांची हीच तारीख आहे, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती येते. त्यामुळे ५८ वर्षांच्या हिशेबाने त्यांची निवृत्ती ३१ मे २०२४ रोजी होती.

बारा वर्षे पूर्ण झाल्यावर जुलै २००० मध्ये त्यांना कालबद्ध पदोन्नतीच्या योजनेतून वरिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी मिळाली. पद जुनेच राहिले, श्रेणी वरची झाली, आणि त्या वेळी वेतननिश्चितीत, म्हणजे नव्या श्रेणीतला पगार ठरवताना, एक वेतनवाढ मिळाली. इथपर्यंत सगळे नियमात होते. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांना प्रत्यक्ष पदोन्नती मिळाली, वरिष्ठ लिपिक म्हणूनच. श्रेणी तीच, जी नऊ वर्षे त्या घेत होत्या. अशा वेळी वेतननिश्चितीचा लाभ पुन्हा द्यायचा नसतो, कारण तो आधीच दिलेला असतो. पण आस्थापना शाखेने नेहमीची पदोन्नती समजून आणखी एक वेतनवाढ लावली. मूळ वेतनात तेव्हा फरक पडला साडेतीनशे रुपयांचा.

त्या साडेतीनशेवर महागाई भत्ता, घरभाडे, दर वर्षीची तीन टक्के वाढ चढत गेली. २०१२ मध्ये २४ वर्षे पूर्ण झाल्यावर वरच्या श्रेणीचा दुसरा लाभ मिळाला तोही त्याच चुकीच्या पायावर. सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा मूळ वेतनाला २.५७ ने गुणले गेले आणि चूकही त्याच पटीने वाढली. निवृत्तीच्या वेळी ताईंचे मूळ वेतन ५२,००० रुपये होते, बरोबर आकडा होता ५०,५००.

ताईंनी कुठे खोटी माहिती दिली नव्हती, कसला दाखला दडवला नव्हता. वेतननिश्चितीचा तक्ता त्यांनी केला नव्हता. तो ज्यांनी केला ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि त्यांच्याबद्दल ताई शेवटपर्यंत एक वाईट शब्द बोलल्या नाहीत.

आक्षेप

निवृत्तीला सहा महिने उरले की नोकरीच्या सगळ्या नोंदी असलेले सेवापुस्तक पुण्याच्या वेतन पडताळणी पथकाकडे जाते. तिथून जानेवारी २०२४ मध्ये आक्षेप आला: पदोन्नतीच्या वेळची वेतनवाढ अनुज्ञेय नाही (नियमात बसत नाही), वेतन पुनर्निश्चित करावे, अतिप्रदान वसूल करावे. तीनही गोष्टी एका दमात लिहिलेल्या होत्या. फेब्रुवारीत कार्यालयाने आदेश काढला. वेतन ऑगस्ट २००९ पासून दुरुस्त केले आणि २ लाख २१ हजार रुपये उपदानातून (निवृत्तीला मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीतून) कापण्याचे ठरवले. ताईंना आधी नोटीस दिली नाही, त्यांचे म्हणणे विचारले नाही.

सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी हेच सेवापुस्तक पडताळून आले होते. पण तो शिक्का १ जानेवारी २००६ च्या वेतननिश्चितीपुरता होता, त्यामुळे २००९ चे पान कोणी उघडले नाही. चूक चौदा वर्षे जगली ती एवढ्यामुळे.

ताईंचे उपदान आधीच वाटून झालेले होते. पतसंस्थेचे घरकर्ज त्यातून फेडायचे होते. उरलेल्यातून थोरल्या मुलीच्या बाळंतपणात काढलेले हातउसने परत करायचे होते. मला भेटल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. “मी चोरी केली का हो दादा? आदेशात ‘वसुली’ लिवलंय. शिपायापास्नं सगळ्यांनी वाचलं.”

हा शब्द खरोखरच जड आहे. सरकारी कागदावर तो थकबाकीदारालाही लागतो, अपहार करणाऱ्यालाही लागतो आणि ताईंसारख्या माणसालाही लागतो.

आधीच झालेली सही

ताई माझ्याकडे येण्याआधी पाच दिवस एक गोष्ट घडून गेली होती. आस्थापना शाखेने त्यांच्याकडून एक कागद लिहून घेतला होता: “सदर रक्कम माझ्या उपदानातून वसूल करण्यास माझी हरकत नाही.” सही केली नाही तर प्रकरण मुंबईला महालेखापालांकडे जाणार नाही आणि निवृत्तिवेतन लांबेल, असे सांगितले गेले. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. मी नोकरीत असताना असे कागद लोकांकडून स्वतः लिहून घेतले आहेत आणि त्यात काही वावगे आहे असे तेव्हा मला वाटले नव्हते. आज त्याचा मला खेद आहे. निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शन अडेल या भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नसते.

याशिवाय आणखी दोन सह्या होत्या, आणि त्या जास्त अवघड होत्या. २००९ मध्ये सहाव्या आणि २०१९ मध्ये सातव्या वेतन आयोगाचा विकल्प देताना प्रत्येक कर्मचाऱ्याने वचनपत्र दिले होते: वेतननिश्चिती चुकून जादा रक्कम मिळाल्यास ती परत करीन. सगळ्यांनी सह्या केल्या तशा ताईंनीही केल्या.

कायदा कुठे उभा आहे

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात पाच प्रसंग सांगितले, ज्यांत चुकून दिलेली रक्कम परत घेता येत नाही. गट क आणि गट ड मधील, म्हणजे लिपिक, शिपाई अशा पदांवरचे कर्मचारी. निवृत्त झालेले, किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे. आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर. चुकीने वरच्या पदाचे काम करायला लावून त्या पदाचे वेतन दिले असेल तर. आणि शेवटी, वसुली इतकी अन्यायकारक किंवा कठोर ठरत असेल की वसुलीचा सरकारचा हक्क त्यापुढे हलका पडावा.

ताईंना यातले पहिले तीन प्रसंग लागू होते. तिसऱ्याचा अर्थ लावताना मात्र लोकांत फरक पडतो. काही जण म्हणतात की पाच वर्षांपूर्वीची तेवढी रक्कम सोडायची, अलीकडची घ्यायची. काही म्हणतात, चूक पाच वर्षांहून जास्त चालली की सगळीच सोडायची. ताईंच्या बाबतीत साधारण अर्धी रक्कम पाच वर्षांच्या अलीकडची होती, म्हणजे हा वाद एक लाखाचा होता. म्हणून आम्ही तिसऱ्या मुद्द्यावर भर न देता पहिले दोन पुढे ठेवले.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. २०१२ च्या चंडी प्रसाद उनियाल प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते की हा करदात्यांचा पैसा आहे, तो ना देणाऱ्या अधिकाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. २९ जुलै २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात तर वचनपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली, फक्त ती दोन वर्षांच्या समान हप्त्यांत घ्यायला सांगितली. ते न्यायिक सेवेतले अधिकारी होते, गट क मधले नव्हते. पण कार्यालये या निकालातले ‘वचनपत्र’ एवढेच लक्षात ठेवतात. नंतर २ मे २०२२ रोजी थॉमस डॅनियल प्रकरणात, केरळमधल्या एका निवृत्त शिक्षकाच्या बाबतीत, न्यायालयाने पुन्हा वसुली नाकारली. ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून दिली जात नाही, त्याच्यावर येणारा जाच टाळण्यासाठी न्यायबुद्धीने दिली जाते, हेही तिथे स्पष्ट केले आहे.

महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम १३४-अ आहे. निवृत्त कर्मचाऱ्याला सेवेत जादा दिलेली रक्कम निवृत्तिवेतनातून घेता येते असे तो म्हणतो, पण आधी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यायला सांगतो. ताई आदेशाच्या दिवशी निवृत्त नव्हत्या, तरी निवृत्ताला मिळणारी संधी नोकरीत असणाऱ्याला नाकारायची कशी, हा आमचा प्रश्न होता.

पर्याय

गप्प बसून कापू देणे हा पहिला पर्याय. ताईंच्या घरचे याच बाजूचे होते. पेन्शन सुरू झाली की झाले, सरकारशी कोण भांडत बसणार.

दुसरा, आदेशाला सरसकट आव्हान देणे, म्हणजे वेतनवाढही बरोबर होती म्हणून भांडणे. ताईंच्या शाखेतले दोघे-तिघे हेच सांगत होते. पण २००० आणि २००९ चे दोन्ही आदेश शेजारी ठेवून पाहिले तेव्हा आक्षेप खरा निघाला. हा पर्याय निवडला असता तर आम्ही हरलेल्या बाजूने लढलो असतो आणि त्या नादात जिंकण्यासारखी बाजूही घालवली असती.

तिसरा थेट मॅटमध्ये जाण्याचा. राज्य शासनाचा कर्मचारी म्हणून ताईंना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे लागले असते. तिथे साधारणपणे आधी खात्याकडे दाद मागावी लागते. सहा महिने उत्तर आले नाही तर त्यापुढे वर्षाची मुदत मिळते. म्हणजे निवेदन देऊन वाट पाहण्यात हक्क बुडत नव्हता. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, वकिलांची फी आणि तारखा ताईंना नको होत्या. (ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट लागू नसल्याने त्यांना या बेंचचा थेट उपयोग होतो. राज्य कर्मचाऱ्याला पहिली पायरी म्हणून अजूनही मॅटच आहे.)

चौथा पर्याय आम्ही घेतला. वेतन दुरुस्ती मान्य करायची आणि फक्त वसुली माफ करायला सांगायची. या दोन गोष्टी आदेशात एका वाक्यात बांधल्या होत्या, त्या सोडवणे हेच आमचे मुख्य काम होते. दुरुस्तीने ताईंचे निवृत्तिवेतन दरमहा साडेसातशे रुपयांनी कमी होणार होते, २६,००० ऐवजी २५,२५०, आणि तेही आयुष्यभर. ते त्यांनी लगेच मान्य केले. “जे माजं न्हाई ते नको,” एवढेच म्हणाल्या.

काय केले

आधी संमतीचा कागद. ताईंनी दुसऱ्याच दिवशी पत्र देऊन तो मागे घेतला. तो कोणत्या परिस्थितीत दिला हे चार ओळींत लिहिले आणि आवक क्रमांक घेतला. सहा दिवसांत मागे घेतला म्हणून त्या पत्राला किंमत होती, पाच महिन्यांनी कोणी ऐकले नसते.

मग महिनावार तक्ता मागितला. कार्यालयाने एकच एकूण आकडा दिला होता. तक्ता आला तो तपासायला मला तीन संध्याकाळी लागल्या. २०१३ ते २०१६ ताई शासकीय निवासस्थानात राहत होत्या, घरभाडे भत्ता घेतच नव्हत्या, तरी त्या काळातल्या घरभाड्याचा फरकही वसुलीत धरला होता. सुमारे तीन हजार रुपये. रक्कम छोटी आहे, पण न घेतलेला पैसा परत मागितला गेला होता, आणि यामुळे पुढच्या सगळ्या चर्चेत कार्यालय आपल्या आकड्याबद्दल सावध झाले. आकडा २ लाख १८ हजारांवर आला.

कार्यालयाच्या जुन्या दप्तराला २०१९ च्या महापुराचे पाणी लागलेले होते. २००९ च्या पदोन्नतीची मूळ फाइल सापडली नाही. ताईंनी दुय्यम सेवापुस्तक घरी जपून ठेवले होते, त्यात आदेशाची प्रत आणि वेतननिश्चितीचा तक्ता डकवलेला मिळाला. त्या तक्त्यावर ताईंची सही नव्हती. चूक कार्यालयाची एकट्याची होती हे दाखवणारा तोच एक कागद.

निवेदन लिहिताना आमचे मतभेद झाले. वचनपत्रांचा उल्लेख करू नये असे माझे मत होते, कार्यालय काढेल तेव्हा बघू. ताई ऐकेनात. “माझ्या सहीचा कागद हाय. मी तो लपवला तर माझ्यात आणि चुकीच्या माणसात फरक काय?” त्यांच्या आग्रहाने आम्ही वचनपत्रे स्वतःहून मांडली आणि म्हटले की ती वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीपुरती आहेत, मूळ चूक पदोन्नतीच्या वेतननिश्चितीत झाली. पुढे कळले की वचनपत्रांच्या प्रती फाइलला आधीच लावलेल्या होत्या. आम्ही गप्प राहिलो असतो तर निवेदनावरचा विश्वासच गेला असता. इथे माझा सल्ला चुकला होता.

निवेदन एप्रिलमध्ये गेले. दोन मागण्या, वेगवेगळ्या क्रमांकाने: दुरुस्त वेतनावर निवृत्तिवेतन प्रकरण तात्काळ पाठवावे, वसुली माफ करावी. नेमकी लोकसभेची धामधूम होती. कोल्हापूरचे मतदान ७ मे रोजी, निम्मे कार्यालय निवडणुकीच्या कामावर. ३१ मे रोजी ताई निवृत्त झाल्या, नारळ-शाल झाली, आणि निवेदनाचे उत्तर आले नव्हते.

कार्यालयप्रमुखांचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय ताईंचा किंवा माझा नाही, कार्यालयप्रमुखांचा आहे. वसुली माफ करणे त्यांच्या अधिकारात नव्हते. आदेश आधीच निघालेला होता, तो अमलात आणला असता तर कोणी त्यांना विचारले नसते. त्यांनी तसे केले नाही. २ लाख १८ हजार उपदानातून वसूल म्हणून जमा न करता फक्त रोखून ठेवले, बाकीचे उपदान सोडले, निवृत्तिवेतन दुरुस्त वेतनावर पाठवले, आणि निवेदन स्वतःच्या अभिप्रायासह वरिष्ठ कार्यालयाकडे धाडले. अभिप्रायात लिहिले की कर्मचारी गट क मधील आहे, चुकीत तिचा सहभाग नाही, आणि संमतीपत्र मागे घेतले आहे.

रोखून ठेवणे आणि कापून जमा करणे यात बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. पण एकदा शासनखाती जमा झालेली रक्कम परत काढायला वेगळी मंजुरी, वेगळी तरतूद आणि वेगळी वर्षे लागतात.

निकाल

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, फाइल पुन्हा थांबली. ताई दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन चौकशी करत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्र आले: वेतन पुनर्निश्चिती कायम, वसुली माफ. कारण म्हणून गट क आणि निवृत्तीला वर्षाहून कमी काळ हे दोन मुद्दे दिले होते. २००९ चे वचनपत्र पदोन्नतीतल्या चुकीला लागू नाही हेही मान्य केले. २०१९ च्या वचनपत्राबद्दल पत्र काही बोलत नाही, आणि खरे पाहता कार्यालयाची बाजू तिथेच जास्त भक्कम होती, कारण सातव्या आयोगाची वेतननिश्चिती चुकीच्या मूळ वेतनावरच झाली होती. दुसऱ्या कोणाच्या प्रकरणात हा मुद्दा पुन्हा उभा राहील.

मार्चमध्ये रोखलेली रक्कम खात्यावर जमा झाली, व्याजाविना. त्या नऊ-दहा महिन्यांचे पतसंस्थेच्या कर्जाचे व्याज ताईंनीच भरले. ते मागावे असे मला वाटत होते, ताईंनी नको म्हटले.

वेगळे काय करता आले असते

कार्यालयाने आदेशाआधी पंधरा दिवसांची नोटीस दिली असती तर घरभाड्याची चूक तेव्हाच निघाली असती, आणि संमतीचा कागद लिहून घेण्याची वेळही आली नसती. पदोन्नतीची वेतननिश्चिती त्या-त्या वर्षी लेखा शाखेने तपासली असती तर पहिल्याच महिन्यात सगळे मिटले असते. साडेतीनशे रुपये कोणीही आनंदाने परत केले असते.

ताईंनीही २००९ चा तक्ता एकदा वाचायला हवा होता, असे त्या स्वतः म्हणतात. मला ते पटत नाही. दोन लाभांमधला हा फरक आस्थापना शाखेच्या ध्यानात आला नाही, तो दुसऱ्या शाखेतल्या लिपिकाला कळावा ही अपेक्षा जास्त आहे. पण सेवापुस्तकाची दुय्यम प्रत दर वर्षी भरून घ्यायची सवय त्यांना होती, आणि ती उपयोगी पडली.

माफीच्या पत्राच्या शेवटी कार्यालयाला इतर सेवापुस्तके तपासायला सांगितले होते. त्यात आणखी दोघांची तीच चूक निघाली. एक जण निवृत्त होऊन गेले आहेत. दुसरे गट क मध्येच आहेत, पण त्यांची सात वर्षे नोकरी शिल्लक आहे. त्यांनी दरमहा तीन हजार कापायला लेखी संमती दिली आणि चार हप्ते गेल्यावर वेतनचिठ्ठी घेऊन ते ताईंकडे आले. ताईंनी त्यांना माझ्याकडे आणले, सोबत स्वतःच्या निवेदनाची प्रत. निवृत्तीजवळचा मुद्दा त्यांना नाही, गट क चा आहे, आणि संमतीला चार महिने होऊन गेलेत. त्यांचा अर्ज मागच्या आठवड्यात आवक शाखेत दिला. पहिला परिच्छेद ताईंच्याच निवेदनातला आहे: वेतन दुरुस्ती मला मान्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.